तिरकी चाल

डंडीत, पर्थ रोडवरच्या लॉन्ड्रीत
रविवारी रात्री नऊनंतर कुणी नसतं.
मी सात नंबरच्या मशीनला भाषण ऐकवतो:
“नमस्कार, हा माझा गेम. यात एक खेकडा आहे.”
मशीन घरघरतं. तेवढंच प्रोत्साहन.

एरवी चार डोकी दिसली की दातखीळ बसते.
ऑफिसात वाढदिवसाचा केक कापून
थँक्यू मी जिन्यात जाऊन म्हणतो.

तिसऱ्या रविवारी ढिगाआडून आवाज आला,
“खेकडा मरतो ते आधीच नको सांगूस.”
मॉर्व्हेन. आत्याच्या गेस्टहाउसच्या बावीस चादरी.
“हे टोक धर.”
धरलं.
घडी घालताना माणसं जवळ येतात, लांब जातात,
पुन्हा येतात;
त्या ये-जा करण्यात माझं भाषण
अडखळत का होईना, स्लाइड अकरापर्यंत पोचलं.

परिषदेत निवेदक
माझ्या नावातल्या ‘ज्ञ’शी झटत राहिला,
त्या सवडीत मी पळायचे तीन रस्ते हेरले.
मग दिवे. माइक. दोनशे माणसं.
पाचावर धारण.

सहाव्या रांगेत कुणीतरी स्कार्फ उलगडला,
दोन टोकं धरली
आणि थांबली.

मी बोललो. काय, ते आठवत नाही.
खेकडा मेला तेव्हा लोक हळहळले म्हणे.

“प्रश्न?”
हात तिचाच.
“तुमचा एक करडा मोजा महिनाभर माझ्याकडे आहे.
त्याचं काय करायचं?”

सभागृह फुटलं.
कागद न बघता मी म्हणालो,
“दुसराही ठेव.”

मग खाली उतरलो, आणि त्या रांगेतून
गुडघ्यांना गुडघे आपटत, सॉरी सॉरी करत
तिच्यापर्यंत गेलो.
तिरकाच, अर्थात.