वझ्याबिगर नको

मुबारक तडवी यावलहून आला, मागच्या सीटला
सुतळीनं बांधलेला वाल्वचा अ‍ॅम्प,
खाली केळीच्या वाळल्या पानांची गादी.
"ताई, हा चालतो, याचा स्पीकर फाटलाय.
फैजपूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं दोन पेट्या दिल्यात, फुकट.
दोन्ही लावतो एकदम. रविवारी सावद्याला हळद आहे."

फुकटच्या पेटीची पाठ आधी उघडायची.
वर एक लिहिलेलं असतं, आत भलतंच बसलेलं.
आत धूळ, एक झुरळ, आणि मीटर म्हणालं
सहा पूर्णांक तीन.
त्याचा चेहरा पडला.
अरे, हे आठच आहे.
गप्प बसलेला स्पीकर मीटरला कमीच सांगतो,
किती अडवतो ते वाजायला लागल्यावर कळतं.
दुसरी पेटी सहा पूर्णांक एक. तीही आठच.

आठ नि आठ शेजारी लावले की चार होतात.
हे त्याला पटेना.
भुसावळच्या तिकीट खिडक्या आठव, म्हटलं,
दोन उघडल्या की रांग भराभर सरते की तुंबते?
तो हसला. पटलं असावं, किंवा उशीर झाला असावा.

अ‍ॅम्पच्या पाठीवर तीन भोकं: चार, आठ, सोळा.
आठचा आकडा कुणाच्या तरी बोटांनी पुसलेला.
दोन्ही पेट्या नेल्यास तर चारच्या भोकात.
एकच नेलीस तर आठच्या.
पेटी तीस वॅटची, दोन मिळून साठ, अ‍ॅम्प पन्नास.
भागतं. तरी पार पिळू नकोस.

त्यानं पिशवीतून वायर काढली. गिटारची.
टोक तेच, जाडी तीच, कोण ओळखणार.
मी ब्लेडनं एक जुनी सोलली:
केसाएवढी तार, भोवती जाळी.
ही कुजबूज वाहायला केलेली आहे रे.
हिच्यावर पन्नास वॅट लादलेस
तर गाणं चालू असतानाच हात टेकेल.

आणि हात टेकला की काय होतं, ते मला ठाऊक आहे.

अकरावीत होते. पिंटो मास्तरांचा अ‍ॅम्प टेबलावर,
स्पीकर सोडवून ठेवलेला.
भिंतीवर अण्णांच्या खडूचं अक्षर:
वझ्याबिगर चालू करजो नको.
मला फक्त दिवा लागतो का बघायचं होतं.
दिवा लागला.
गिटार मांडीवर होतीच, एक तार छेडली,
आवाज आला नाही, म्हणून जोरात छेडली.
आत कुठंतरी टिचकी वाजल्यासारखं झालं,
मग जळक्या लाखेचा वास.

अण्णा लोको शेडवरून आले, वास घेतला, जेवायला बसले.
ट्रान्सफॉर्मर उलगडून पुन्हा भरायला अकरा रात्री लागल्या.
ते गुंडाळायचे, मी फेरे मोजायचे.
चौदाशेच्या पुढं कुठंतरी आकडा माझ्या हातून सुटला.
अंदाजानं पुढचा म्हटला.
पिंटो मास्तरांचा अ‍ॅम्प अजून वाजतो.
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मुबारकला जाड वायरी दिल्या, पैसे रविवारनंतर.
आधी पेट्या जोडल्या, मग बटण.
वाल्व हळूहळू तांबूस झाले,
बाहेर बेचाळीस डिग्री, आत आणखी चार दिवे.
त्यानं खालची जाड तार छेडली
आणि शेल्फवरचे स्क्रू डबीत थरथरले.

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठले.
दोन वर्षं झाली, त्यांना ऐकू येत नाही.
आले, एका पेटीवर उजवा तळवा ठेवला,
दुसरीवर डावा,
डोळे मिटून उभे राहिले, बराच वेळ.

"दोन हायेत ना?" म्हणाले.
मी बोटं दाखवली.
"मंग चार."
आणि हात तिथंच.
मुबारक वाजवत राहिला, थांबावं की नाही
ते न कळून.