वटणावळ

आठ वाजता मी सिन्योरा आद्दोलोराताला उठवून बसवते,
पाठीशी दोन उशा, गुडघ्यांवर शाल,
आणि तेवढ्यात ॲप्रनच्या खिशात फोन थरथरतो:
वीस लारी. झेस्ताफोनी. रोख.
खाली बारीक अक्षरांत सात युरो अडतीस,
आणि त्याहून बारीक,
परदेशी रोख शुल्क: दोन युरो पन्नास.

मंगळवारी एकदा. शुक्रवारी पुन्हा.

देदा, मी फोनवर ओरडते,
महिन्यातून एकदाच काढ, चारशे काढ,
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला चाललाय तुझा!
आणि यंत्रानं विचारलं, रक्कम युरोत वळवू का,
तर नाही म्हण.
नाही म्हटलं तरी पैसे येतात.

ती म्हणते, एवढ्या अदबीनं विचारतं गं ते,
'आपल्या सोयीसाठी' असं म्हणतं.
माझी सोय कोणी विचारली होती आजवर?
तुझ्या बापानं? कारखान्यानं?
मग मी हो म्हणते.

त्या 'हो'चा हिशेब मी केलाय
सिन्योराच्या शब्दकोड्यांच्या वहीच्या पाठीमागे:
बाजारात युरोला दोन ब्याण्णव, यंत्राकडे दोन एकाहत्तर.
आईच्या सभ्यपणाची वटणावळ
युरोमागे एकवीस तेत्री.

आणि हीच बाई
लिफ्टच्या डब्यात दहा तेत्रीचं नाणं टाकायला नको म्हणून
पाच मजले पायी उतरते.

आमच्यात देदा म्हणजे आई,
आणि आई लेकरालाही देदाच म्हणते.
जेवलीस का, देदा?
कोण कुणाला विचारतंय, ऐकणाऱ्याला कळू नये.
ह्या एका शब्दात अजून कुठल्या बँकेला
हात घालता आलेला नाही.

ऑक्टोबरात तिनं ऐकलं.
एक तारखेला चारशे लारी, एकरकमी,
औषधवाली ज़ाइरा शेजारी उभी, बोट धरून 'नाही'वर.
वीसेक युरो वाचणार होते.
मी त्यातून तिच्यासाठी लोकरीचे मोजे आणि
स्वतःसाठी एक पेस्ट्री घेतली, उभ्यानं खाल्ली.

मग मंगळवार आला. खिसा गप्प.
शुक्रवारी सिन्योरानं विचारलं,
तुझा फोन बिघडलाय का खातुना, आज वाजला नाही?

फोन केला की ती बरीच असते.
मनगट मोडलं त्या आठवड्यातही बरी होती,
चुलीवर काहीतरी आहे म्हणून लवकर ठेवत होती.
पण वीस लारी म्हणजे ती उठली,
गुडघे वाकले, पाच मजले उतरली,
पुलावर घसरली नाही,
चार आकडे तिला आठवले, तेही ओळीनं.
ह्यातलं काही फोनवर खोटं सांगता येतं,
यंत्रासमोर येत नाही.

ज़ाइराला विचारलं. ती म्हणाली, दिसते अधूनमधून,
कार्ड घेऊनच येते,
यंत्राजवळ उभी राहते, तुझ्या नावाच्या
उठावाच्या अक्षरांवर अंगठा फिरवते आणि जाते.
काढत काही नाही. तू ओरडतेस म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मी कबूल केलं:
देदा, तू आपली वीस-वीसच काढत जा.
पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली, तिकडे वाजतं ना काहीतरी?
मागे एकदा तूच म्हणाली होतीस.

आज मंगळवार. इकडची घड्याळं मागे सरकलीत,
तिथले दहा आता इथले सात.
सिन्योरा अजून घोरते आहे, कॉफी चढवलेली,
आणि थरथर.
वीस लारी. झेस्ताफोनी. रोख. दोन युरो पन्नास.
मी दर बघते.
दोन एकाहत्तर.

पुन्हा हो म्हणालीय त्याला.