रफार

सव्वीस वर्षं मी गिरगावातल्या एका छापखान्यात
उलटं वाचत होतो.
खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं,
कागदावर दाब पडतो
तेव्हाच ते सुलट होतं.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळीचे वार्षिक अहवाल,
एकदा एका उमेदवाराची पत्रकं.
तो पडला.

मग ऑफसेट आलं.
खिळे किलोवर गेले, कुर्ल्याला, भंगारात.
त्यात माझा ‘ज्ञ’ही गेला,
ज्याला मी कधी झिजू दिलं नव्हतं.
मालक म्हणाला, शांतवन, आता आराम कर.

अकरा वर्षं आराम केला.
भायखळ्याच्या खोलीत खिडकीशी बसून
समोरच्या गॅरेजातले टायर मोजले.
देवाला विचारलं, रोज नाही,
मंगळवारी वगैरे, नळाचं पाणी गेलं की:
मला कशाला ठेवलंयस?
त्याने काही सांगितलं नाही.
सुवार्ता म्हणायची, अहो, डाळ तरी निवडा.
मी डाळ निवडायचो.

ती गेली. शिवडीला नेली.
क्रूस रंगवणाऱ्या पोराने घाईत लिहिलं,
‘सुर्वाता शांतवन हिवाळे’.
रफार एक घर आधीच पडला होता.
पाळक प्रार्थना करत होते, लोक माती लोटत होते,
आणि मी, देवा क्षमा कर,
त्या रफाराकडेच बघत राहिलो.
शुभवर्तमान हेच जिचं नाव
तिचंच चुकीचं छापलेलं.

तिसऱ्या दिवशी गेलो.
पिशवीत काळ्या रंगाची डबी, शून्य नंबरचा ब्रश,
आणि डोळ्यांना झालेली जुनी सवय.
रफार खरवडला. ‘ता’वर बसवला.
एवढ्याशा कामाला दुपार गेली.

राखणदार इनास मागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
बिडी विझवून म्हणाला,
हात चांगलाय तुमचा.
तिकडे एक पोरगं आहे, बन्यामीन,
त्याची वेलांटी उडालीय.

म्हणून वेलांटी.
मग पोराच्या शेजारची नर्स, तिचं अर्धं आडनाव.
मग एक खलाशी,
ज्याच्या गावाचं नाव मला उच्चारता येत नाही
पण रंगवता आलं.

वसईहून मुलगा फोन करतो.
पैसे देतात का?
नाही.
मग?
त्या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नाही.
गुरुवारी मी पुन्हा जातो.

भिंतीच्या कोपऱ्यात इस्पितळातून आणलेले आहेत.
नाव नाही, नुसता नंबर, तोही पुसट.
इनास म्हणाला, इथे काय लिहिणार?
मी बराच वेळ उकिडवा बसून होतो.
खाडीकडून चिखलाचा, तेलाचा वास येत होता.
दूर पाण्यात रोहित पक्षी, माना खाली घालून
चिखलात काहीतरी शोधत होते
आणि त्यांना ते सापडतही असावं.

तेव्हा मला क्वाड आठवले.
दोन शब्दांमधली कोरी जागा,
तीही शिशाचीच असते.
अक्षराहून बुटकी, म्हणून तिला शाई लागत नाही,
वाचणाऱ्याला ती दिसत नाही.
पण काढून घ्या,
अख्खी ओळ हातात सुटते.

मंगळवार. डाळ. टायर.

इनासला मी काही बोललो नाही.
क्रूस पुसला, पांढरा हात दिला,
तारीख घातली,
आणि वर नावापुरती जागा सोडली,
बोटांनी नीट मोजून.
जुळणी ज्याने केली
त्याला ते पाठ असणार.

रविवारी प्रभुभोजनाला हात पुढे केले.
नखांत काळं, रॉकेलनेही न निघालेलं.
पाळकसाहेब भाकर देता देता थबकले.
मी हळूच म्हटलं,
साहेब, प्रुफं तपासतोय.

त्यांनी तुकडा जरा मोठा तोडला.