जाडं दळण

या हिवाळ्यात गावातली पाच माणसं गेली.
तोंडं मला नंतर आठवतात, आधी डबे.

धापूबाईचा वनस्पती तुपाचा, गंजका,
कडीच्या जागी विजेची तार.
"बारीक काढ रे भाया,
एकच दात उरलाय, माहेरून आणलेला."
तिच्या तेराव्याआधी मुलगा ट्रॉली घेऊन आला,
एवढंच म्हणाला, "मोटा."
आमच्याकडे कोणी गेलं की बाफले होतात,
आणि बाफल्याला पीठ जाडंच लागतं.
मी कळ अर्धा आटा सैल केली.
दीड क्विंटल.
तिला त्यातला एक घास चावला नसता.

उंकारलाल काट्याशी वाकून उभा राहायचा
श्वास धरून, वाऱ्यानं काटा हलू नये म्हणून.
एकदा घरून वजन घेऊन आला,
सोनाराकडे तपासलेलं.
माझा किलो चाळीस ग्रॅमनं कमी निघाला.
त्यानं वजन खिशात घातलं
आणि सबंध गावात कुणाला सांगितलं नाही.
अकरा वर्षं.
आता हे ठाऊक असलेला मी एकटा.

हबीबभाई पिंजारी.
फोमच्या गाद्या आल्या, तरी खांद्यावर धनुकली टाकून
गंभीरेपलीकडच्या गावांत जायचा.
(आमच्या नदीचं नाव गंभीर.
वैशाखात तिला घोटाभर पाणी,
तेव्हा हे नाव शोभत नाही, असं तोच म्हणायचा.)
गहू आणायचा उशीच्या अभ्र्यात.
रिकामा अभ्रा दारात झटकला
की कापूस कुठला, पीठ कुठलं, कळायचं नाही.

बन्सीचं पान माझ्या वहीत नाही.
एकोणीस वर्षांचा. लोकांचे डबे सायकलवरून आणायचा,
डब्यामागे पाच रुपये.
देपालपूरच्या वळणावर, त्या दिवशी,
मागे चार डबे बांधलेले होते.
चार घरांचं पीठ एका रस्त्यावर.
डबा मागायला
कोणी आलं नाही.

पागनीसबाई शेवटच्या.
पितळी डबा, झाकणावर सासूचं नाव कोरलेलं.
इंदूरहून शाळेच्या नोकरीवर आल्या आणि राहिल्या.
आख्ख्या गावात मराठी बोलणारे आम्ही दोघं.
मी म्हणायचो, "बाई, दळून राहिलो."
त्या म्हणायच्या, "दळतो आहे, म्हण."
सोवळं मात्र कडक.
"पिंजाऱ्याच्या पाठोपाठ माझं घालू नकोस."
मी हो म्हणायचो.
दगडांत मागच्याचं मूठभर पीठ राहतंच,
ते पुढच्याच्या डब्यात उतरतं.
चक्कीवाल्याला हे माहीत असतं,
बाकीच्यांनी विचारू नये.

त्या संध्याकाळी त्यांचे निम्मे गहू दळले आणि लाइट गेली.
"सकाळी नेते," म्हणाल्या.
सकाळी लाइट आली.
चौकातून कोणीतरी ओरडून सांगितलं ते मी
पट्ट्याच्या आवाजात दोनदा विचारून घेतलं.
उरलेले दळले. झाकण लावलं. डबा फळीवर ठेवला.
पाठोपाठ पहिला गहू आला हबीबभाईच्या सुनेचा,
तोच अभ्रा, एका कोपऱ्यात उसवलेला.
मी दगड झाडले नाहीत.

भाचा इंदूरहून फोनवर म्हणाला, तुम्हीच वापरून टाका.
डबा दीड महिना फळीवर.
परवा उघडला. पोरकिडे झालेत.
आज चक्की बंद ठेवून
अंगणात जुन्या धोतरावर पीठ पसरलंय
आणि बाजूला बसून
चिमण्या हाकलून राहिलो.

हाकलतो आहे, बाई.