बंदी
चिंबोतेला उतरलो तेव्हा
कारखान्यांत मासळी शिजत होती, पीठ करायला.
बसच्या पायरीवरच उमासे आले.
घरमालकीण एउदोसिया हसली,
माझी पेटी तिनंच उचलली.

विचारायची सवड नसते पोटाला.
कधीकाळी कुणीतरी सडकं मांस हुंगलं
आणि मागं सरलं.
ज्यांनी खाल्लं
त्यांची नातवंडं नाहीत.
तो मागं सरलेला अजून बसलाय आत,
भित्रा, अडाणी राखणदार:
उकळती मासळी काय, मेलेलं कुत्रं काय,
त्याला सारखंच.
घासही घेतला नसला
तरी ओरडतो, आधी बाहेर काढ!

दोन महिन्यांत त्याचा डोळा लागला.
शर्टाला, उशीला, पावाला तोच वास,
मला कळेना.

मग मासेमारीवर बंदी आली.
धुराडी गार. समुद्रावरून नुसता वारा.
मी छाती भरून श्वास घेतला, म्हटलं, वा!

एउदोसिया दारात उभी होती,
नाक वर करून
नसलेलं काहीतरी शोधत.
लिबोरियो धक्क्यावरून रिकामा आला,
बूट कोरडे.

तिनं ताट सरकवलं.
"नको," म्हणाली,
"सकाळपासून ढवळतंय."