चौथ्यावरच

एक, दोन, तीनवर सामसूम.
चौथ्यावर ब्लोअर एकदम खेकसतो.

नाना पेठेत बशीर तांबोळी
डॅशबोर्डखाली आडवा, पाय फुटपाथवर:
"मोटर ठणठणीत आहे, ताई.
रेझिस्टर जळालाय. हळू फिरायचं ते त्याच्यामुळं.
चौथ्याला तो लागतच नाही. डायरेक्ट करंट."

तू मोबाइलमध्ये.
मी त्याच्या धुळकट चपलांकडे बघत.
कालचं अजून दोघांच्याही घशात.

जळकी तार त्यानं माझ्या तळहातावर ठेवली,
फिल्टरमधली गुलमोहराची पानं झटकली,
साडेपाचशे घेतले.

सेव्हन लव्हज चौकात, लाल सिग्नलला,
मी बटण एकवर ठेवलं.
"चालू आहे का?" तू विचारलंस.

जाळीपाशी हात धर, म्हटलं.
आवाज नाही.
पण येतेय.