खोली नंबर सतरा, मुसफ्फा

शुक्रवारी बशीर परकारच्या पेनड्राइव्हवर
नाटक आलं. चोरीचं. आम्ही नऊ जण,
एक लॅपटॉप, तळलेले सुके बोंबील.
प्रकाशयोजनेत माझ्या मावसभावाचं नाव होतं;
मी बोललो नाही.

आता कायदा येतोय म्हणे चोरी थांबवायला,
आणि थांबला तो घरचा कॉल:
लेकीचा चेहरा पांढऱ्या पाटीमागे,
'ही सेवा उपलब्ध नाही.'

विरोधाचा अर्ज घागकाकांच्या फोनवर उघडला,
नवा फोन तेवढाच.
नाव, कंपनी, पासपोर्ट नंबर.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.
फोन नऊ हातांतून फिरला
गरम भाकरीसारखा, आणि पडदा काळा झाला.

घागकाकांना लिहिता येत नाही.
म्हणाले, आणा, अंगठा देतो.
दिला.
फोन उघडला.
अर्ज तसाच, कोरा.